शून्य रुपयांचं बिल

वॉरंटीत झालेल्या कामाचंही बिल फाटतं. गिऱ्हाइकाच्या हातात जो कागद पडतो त्यावर पार्टसमोर ०.०० असतं, मजुरीसमोर ०.०० असतं आणि कडेला 'वॉरंटी' असा शेरा असतो. पण त्याच जॉबकार्डला वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर आणखी एक कागद जोडलेला असतो. तो गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. त्यावर पार्टची पूर्ण किंमत असते, मजुरीचा वेळ असतो, त्याचे पैसे असतात आणि तो थेट कंपनीकडे जातो. कोल्हापूरला हायवेलगतच्या एका कार डीलरकडे हा दुसरा कागद, म्हणजे वॉरंटीचा क्लेम, बनवणं हे माझं काम होतं. आता ती नोकरी सुटली. डीलरचं नाव सांगणार नाही, कारण पुढे लिहिते ते प्रकार एखाद्याच डीलरचे आहेत असं वाटायला नको.

लोकांची समजूत अशी असते की वॉरंटीचं काम म्हणजे वर्कशॉपने पदरमोड करून केलेला उपकार. त्यामुळे काउंटरवर 'वरचे हजार-बाराशे भरा' म्हटलं की माणूस मुकाट खिशात हात घालतो. 'वीस हजारांचा पार्ट फुकटात मिळाला, मग वरचे दिले तर काय बिघडलं?' असं म्हणणारी शिकलीसवरलेली माणसं मी पाहिली आहेत. बिघडतं ते असं की ते हजार-बाराशे बरेचदा कंपनीनेही दिलेले असतात. म्हणजे एकाच कामाचे पैसे दोन खिशांतून निघतात आणि एकाच गल्ल्यात जमा होतात.

हे कसं होतं ते समजायला आतली व्यवस्था थोडी बघायला हवी.

गाडी गेटातून आत आली की सर्व्हिस ॲडव्हायझर जॉबकार्ड उघडतो. तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायची असा नियम. प्रत्यक्षात 'एसी चेक', 'नॉइज चेक' एवढ्यावर भागवलं जातं. मेकॅनिक गाडी बघतो, स्कॅनर लावून फॉल्ट कोड काढतो, मोबाईलवर फोटो-व्हिडिओ घेतो आणि कार्ड वॉरंटीच्या टेबलावर येतं. दुरुस्तीच्या प्रत्येक कामाला कंपनीचा एक कोड असतो आणि त्या कोडला ठरलेला वेळ. स्टिअरिंग रॅक उतरवून चढवायला अमुक, दरवाजाची मोटर बदलायला तमुक. गंजलेला नट निघेना म्हणून मेकॅनिकचा अर्धा दिवस गेला तरी पैसे मिळतात ते कोडवरच्या वेळाचे. तासाचा दरही, आमच्याकडे तरी, काउंटरवर गिऱ्हाइकाला लावायचो त्यापेक्षा कमी होता.

काढलेला पार्ट टाकून द्यायचा नाही. त्याला टॅग बांधायचा, टॅगवर चॅसी नंबर, किलोमीटर, जॉबकार्ड नंबर, तारीख, आणि तो वॉरंटी स्टोअरमध्ये ठेवायचा. आमचं स्टोअर म्हणजे पार्ट्स काउंटरच्या मागची एक बिनखिडकीची खोली होती. लोखंडी मांडणीवर कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, शॉकअब्सॉर्बर रांगेने पडलेले, त्यातलं उरलंसुरलं ऑइल खालच्या कप्प्यातल्या टॅगांवर ठिबकायचं आणि पावसाळ्यात शाई पसरून नंबर वाचता यायचा नाही. कंपनीचा ऑडिटर आला की यादी हातात घेऊन एकेक पार्ट मागायचा. पार्ट सापडला नाही, टॅग वाचता आला नाही, किंवा जॉबकार्डावर गिऱ्हाइकाची सही नसली तर आधी मंजूर झालेले पैसेही परत कापले जायचे. त्याला 'डेबिट' म्हणतात. ऑडिटच्या आठवड्यात आमच्या वर्क्स मॅनेजरची भूक मरायची ती या डेबिटमुळे.

थोडक्यात, वॉरंटीच्या कामाचे पैसे कमी दराने येतात, उशिरा येतात, आणि आलेले परत जाऊ शकतात. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला फारसं सुटत नाही, त्याचं घर चालतं ते वर्कशॉप आणि पार्ट्सवर. त्यात ॲडव्हायझरच्या डोक्यावर टार्गेट असतं. एका गाडीमागे सरासरी मजुरी किती काढलीस, 'व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस' किती विकलीस, याचा हिशेब सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर होतो. व्हॅल्यू ॲडेड म्हणजे इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण वगैरे. वॉरंटीची गाडी या हिशेबात शून्य भरते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, कमी पगारावर उभा असलेला तो पोरगा मग त्या शून्यापुढे काहीतरी आकडा लिहायची जागा शोधू लागतो. चूक त्याची आहेच, पण ते टार्गेट त्याने स्वतःला दिलेलं नसतं हेही खरं.

आकडा कुठे लिहिला जातो? कागलकडचे एक शेतकरी आमच्याकडे आले होते, त्यांचं उदाहरण सांगते. गाडी दोन वर्षांच्या आतली, एसीचा कॉम्प्रेसर बसलेला. पार्ट वॉरंटीत मंजूर झाला. गाडी तयार झाल्यावर ते बिल घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले आणि कागद समोर धरून म्हणाले, "मॅडम, कॉम्प्रेसर वॉरंटीत हाय म्हनला तुमचा पोरगा. मग ह्ये साडेतीन हजार कशाचं?"

कॉम्प्रेसरसमोर ०.०० होतं. त्याखाली एसी गॅस, कॉम्प्रेसर ऑइल, ओ-रिंग, इव्हॅपोरेटर क्लीनिंग, एसी फिल्टर, आणि शेवटी 'कन्झ्युमेबल्स'. एकेक ओळ घेऊ. कॉम्प्रेसर बदलायचा तर एसीची यंत्रणा उघडावी लागते, उघडायची तर आतला गॅस काढावा लागतो आणि काम झाल्यावर तो पुन्हा भरावाच लागतो. गॅस भरल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर चालवून बघताही येत नाही. म्हणजे गॅस, ऑइल आणि जोडावरच्या रबरी रिंगा हा त्याच दुरुस्तीचा भाग. आमच्या कंपनीच्या क्लेममध्ये गॅस ग्रॅमच्या हिशेबाने मागता येत असे, आणि या गाडीच्या क्लेममध्ये तो मागितलेला होता. इव्हॅपोरेटर क्लीनिंग त्यांना विचारून केलेलं नव्हतं. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय, हे विचारल्यावर ॲडव्हायझर म्हणाला, "ग्रीस, चिंधी, स्प्रे." राहिला फिल्टर. तो खरोखरच बदलायला आला होता, वॉरंटीत बसत नाही, त्याचे पैसे रास्त.

मी स्क्रीन वळवून ॲडव्हायझरला क्लेम दाखवला. बिल पुन्हा निघालं, फक्त फिल्टरचं. त्या गृहस्थांनी पैसे मोजून दिले, पावती घडी करून खिशात घातली आणि जाता जाता विचारलं, "म्हंजे मी इचारलं नसतं तर?" ॲडव्हायझर वॉशिंग बेकडे बघत उभा राहिला.

वॉरंटीत न बसणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पैसे मागितले म्हणून वर्कशॉप लुबाडतंय असं होत नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरं, फिल्टर, ठरलेल्या किलोमीटरला बदलायचं इंजिन ऑइल ही वापराने झिजणारी, सरणारी चीजवस्तू. घाटात पाय क्लचवर ठेवून गाडी चालवायची आणि वीस हजार किलोमीटरला क्लच गेला म्हणून कंपनीच्या नावाने शंख करायचा, असेही लोक यायचे. ओळखायची खूण साधी आहे. तेच ऑइल दहा हजारांच्या सर्व्हिसला बदललं तर खर्च तुमचा. हेड गॅस्केट वॉरंटीत बदलताना इंजिन उघडावं लागलं म्हणून ऑइल काढून नवं भरलं, तर ते त्या दुरुस्तीतलं. अशा वेळी 'हे ऑइल क्लेममध्ये धरलंय का?' एवढा प्रश्न विचारायचा.

पार्ट फुकट, पण त्यावरचा जीएसटी भरा, असंही काही ठिकाणी सांगितलं जायचं, आणि कर म्हटला की आपण निमूट भरतो. या गोंधळावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ जुलै २०२३ रोजी १९५ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. त्यातला युक्तिवाद प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावा असा आहे. वॉरंटीच्या काळात पार्ट बदलून द्यावे लागतील, दुरुस्ती करावी लागेल, याचा संभाव्य खर्च वस्तूच्या मूळ किमतीतच धरलेला असतो आणि त्या किमतीवर कर भरून झालेला असतो. म्हणून ग्राहकाकडून काहीही न घेता पार्ट बदलून दिला तर त्यावर वेगळा जीएसटी लागत नाही. डीलरने त्या पार्टचे पैसे कंपनीकडून घेतले तर त्या व्यवहारावर कर लागतो, पण तो त्या दोघांमधला मामला. उपकाराची भाषा इथे संपते. शोरूममध्ये चावी घेताना तुम्ही जो चेक दिलात, त्यात हा कॉम्प्रेसर होता.

पैसे लावायची दुसरी रीत म्हणजे वॉरंटीच नाकारायची आणि सगळं काम तुमच्या नावावर टाकायचं. आमच्या भागात त्यासाठी तीन कारणं तोंडपाठ असत. उंदराने वायर कुरतडली. पेट्रोलमध्ये भेसळ होती. बाहेर काम केलंत. पहिली दोन कधी कधी शंभर टक्के खरी असतात. उसाच्या फडाशेजारी महिनाभर उभी असलेली गाडी आली आणि बॉनेट उघडल्यावर आत उंदराचं अख्खं बिऱ्हाड निघालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला कंपनी काय करणार? तो विम्याचा विषय. पण कुरतडलेल्या वायरवर दातांच्या खुणा दिसतात, भेसळीचा नमुना बाटलीत धरून ठेवता येतो. 'फोटो दाखवा, नमुना दाखवा, कारण लिहून द्या' म्हटल्यावर यातली काही कारणं आपोआप विरघळायची.

तिसरं कारण जास्त चलाख. गंगावेशीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडून एकदा ऑइल बदललं, लक्ष्मीपुरीतून हॉर्न किंवा रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला की अख्ख्या गाडीची वॉरंटी गेली असं सांगायचं. कॅमेऱ्यासाठी वायर कापून जोड दिला आणि त्याच वायरिंगमध्ये शॉर्ट झालं, तर नकार योग्य आहे. पण कॅमेरा बसवला म्हणून पुढच्या चाकाचं बेअरिंग आवाज करत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला मोठा मुद्दा, आणि बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवरही आयोगाने बोट ठेवलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, तो फाटा इथे नको. काउंटरवर विचारायचं ते एवढंच, की बाहेर जे काम झालं त्यामुळेच हा दोष आला असं तुमचं म्हणणं आहे का, आणि असेल तर ते जॉबकार्डावर लिहाल का?

आता रिकॉल. वॉरंटीत निदान किलोमीटरची, वर्षांची, झिजेची वादावादी असते. रिकॉलमध्ये तीही नाही. पार्ट बनवतानाच चुकला आहे असं कंपनीने स्वतः मान्य केलेलं असतं आणि कोणत्या चॅसी नंबरपासून कोणत्या चॅसी नंबरपर्यंत, हे कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं असतं. माझ्या स्क्रीनवर गाडीचा नंबर टाकला की वर लाल पट्टी यायची, 'कॅम्पेन पेंडिंग'. वॉरंटी संपलेली असली तरी, गाडी तिसऱ्या मालकाकडे असली तरी. पार्ट कंपनीकडून येतो, मजुरीचा कोड ठरलेला असतो, काम झालं की त्या चॅसीसमोर खूण होते.

आपल्याकडे हे फार जुनं नाही. २०१० साली नॅनोला आगी लागल्याच्या घटना घडल्या, तेव्हा टाटा मोटर्सने एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत बसवून देऊ म्हटलं, पण त्याला रिकॉल म्हणायला नकार दिला. जुलै २०१२मध्ये मोटार उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने रिकॉलची आचारसंहिता आणली, तीही ऐच्छिक. कायद्याचं बळ आलं ते २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या ११०ए कलमाने, आणि त्याचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१पासून. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर सरकार गाड्या परत बोलावायचा आदेश देऊ शकतं. हा सक्तीचा रिकॉल सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना लागू आहे. कंपनीने गाडीची किंमत परत द्यावी, नाहीतर गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी, असं कलम सांगतं, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने आपणहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड माफ. म्हणून पेपरात 'स्वेच्छेने रिकॉल' असं वाचायला मिळतं. ती स्वेच्छा कुठून येते हे आता लक्षात आलं असेल.

आकडे लहान नसतात. सप्टेंबर २०२१मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा वगैरे १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या. जुलै २०२३मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९, स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महिंद्राने १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० वायरिंग तपासायला. यातली प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या वर्कशॉपच्या दारात येते आणि प्रत्येक गाडीसोबत ॲडव्हायझरला एक गिऱ्हाईक मिळतं. 'रिकॉल करतोच, पण सर्व्हिस ड्यू आहे, ती केल्याशिवाय गाडी आत घेता येणार नाही.' 'आधी तपासणीचे पाचशे.' 'हा पार्ट काढताना कूलंट सांडणार, ते तुमच्याकडे.' यातलं एकही देणं लागत नाही. सर्व्हिस करून घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, नको असेल तर जॉबकार्डावर फक्त रिकॉलचं काम लिहून घ्या आणि सही करण्यापूर्वी बाकीच्या ओळी खोडा.

टकाटाच्या एअरबॅगचं प्रकरण आमच्या मुलखाला जास्त जवळचं. टकाटा ही एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी होती. धडक बसली की क्षणात फुगा फुगावा म्हणून आत अमोनियम नायट्रेटच्या वड्या असलेला धातूचा डबा असतो. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता खाऊन त्या वड्या भुसभुशीत होतात, ठरल्यापेक्षा वेगाने पेटतात, डबाच फुटतो आणि वाचवायला निघालेल्या फुग्यातून लोखंडाचे तुकडे माणसाच्या गळ्यावर, तोंडावर येतात. अमेरिकेत यात माणसं मेली. दमट आणि उष्ण राज्यांतल्या गाड्या तिथे आधी बोलावल्या गेल्या. २०१७मध्ये टकाटाचं दिवाळं निघालं. भारतात होंडाने २०१५मध्ये सुमारे २.२४ लाख आणि २०१६मध्ये सुमारे १.९० लाख गाड्या याच कारणासाठी बोलावल्या. आता देवगड-मालवणची हवा आठवा. मुंबईत पहिल्या मालकाने वापरलेली गाडी आठ-दहा वर्षांनी कोकणात किंवा कोल्हापुरात येते, कंपनीचं पत्र जातं अंधेरीच्या जुन्या पत्त्यावर, आणि आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या त्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये तो डबा तसाच बसलेला असतो. कुणाकडे त्या काळातली जुनी गाडी असेल तर आरसी बुकवरचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांना तर सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याच्या एकाच पानावर कुठल्याही कंपनीच्या गाडीचं हे कळतं. आपल्याला ज्या त्या कंपनीच्या दारात जावं लागतं.

रिकॉलमधला सगळ्यात किचकट तंटा वेगळाच आहे. पार्ट बिघडला, तुम्ही पदरचे पैसे घालून बदलला, आणि वर्षा-दोन वर्षांनी कंपनीने जाहीर केलं की तो पार्ट मुळातच सदोष होता. फ्युएल पंपाच्या बाबतीत हे सहज होऊ शकतं. होंडाने जून २०२०मध्ये ६५,६५१ गाड्या आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ९०,४६८ गाड्या पंप बदलायला बोलावल्या. दुसऱ्या वेळी आणखी २,२०४ गाड्या अशा होत्या की ज्यांत हा पंप आधी सुटा पार्ट म्हणून बसवला गेला होता. म्हणजे पहिला बिघडला म्हणून दुसरा बसवला, आणि दुसराही बोलावण्याच्या यादीत. अमेरिकेत २०००च्या कायद्यानंतर, रिकॉलच्या आधी ग्राहकाने केलेला खर्च कसा परत देणार याची योजना कंपनीला मांडावी लागते. आपल्या ११०ए कलमात आधीच्या खर्चाबद्दल अशी सरळ तरतूद नाही. तरी मागायचं. जुनं बिल, काढलेल्या पार्टचा नंबर, रिकॉलची तारीख असं सगळं जोडून थेट कंपनीला लिहायचं, कारण चुकीचा पार्ट कंपनीचा, डीलरने तो फक्त बसवला. अधिकृत वर्कशॉपचं बिल असेल तर हातात काहीतरी असतं. चिठ्ठीवर लिहिलेल्या हिशेबाचं काही होत नाही.

डीलर की कंपनी, कुणाला धरायचं यावर लोक फार गोंधळतात, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवून त्या गोंधळाचा फायदा घेतात. गोव्यातलं एक प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. २०११मध्ये नवी म्हणून घेतलेली गाडी २००९च्या बनावटीची निघाली. ग्राहक डीलर आणि टाटा मोटर्स या दोघांविरुद्ध लढला, खालच्या मंचांवर दोघांविरुद्ध जिंकला. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मोकळं केलं. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला तो व्यवहार. डीलरने काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं असं दाखवता आलं तरच कंपनीवर जबाबदारी, असं न्यायालय म्हणालं. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर मला हा निकाल कोरडा वाटतो. गाडी घेताना आपण पाटीवरचं कंपनीचं नाव बघून आत शिरतो, डीलरचं आडनाव बघून नव्हे. पण निकाल आहे तो आहे, आणि त्यातून एक युक्ती निघते. कंपनीला वेळेवर लेखी कळवून ठेवायचं, म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणायला तिला जागा राहत नाही.

कंपनीला पाठवायच्या ईमेलमध्ये काय लिहायचं ते मी टेबलाच्या आतल्या बाजूने सांगते. लांबलचक कैफियत नको, 'तुमच्या नावाला काळिमा' वगैरे नको. जॉबकार्ड नंबर, चॅसी नंबर, किलोमीटर, तारीख, भरलेली रक्कम. मग एकच प्रश्न: या जॉबकार्डवर वॉरंटी किंवा रिकॉलचा क्लेम तुमच्याकडे आला आहे का, आणि त्यात मजुरी व इतर साहित्य धरलं आहे का? हे कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवायचं आणि प्रत डीलरच्या वर्क्स मॅनेजरला. एकाच कामाचे दोन्हीकडून पैसे घेतल्याचं कंपनीच्या लक्षात आलं तर ती फक्त तेवढे पैसे कापून थांबत नाही, मागचे क्लेम उकरून काढते. आमच्याकडे अशी एखादी प्रत आली की जे बिल आठवडाभर 'सिस्टीममधून बदलता येत नाही' ते दुपारच्या चहाच्या आत बदलायचं.

तरी कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने एक सोय फार चांगली केली. डीलर कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पुण्यात गाडी दुरुस्त केलेला चंदगडचा माणूस कोल्हापुरात दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. हजार-दोन हजारांसाठी आयोगात कोण जाणार, असं विचाराल तर फार कमी लोक जातात, आणि बिलावरचे हे किरकोळ आकडे नेमके त्याच हिशेबाने ठेवलेले असतात. पाच हजार लावले तर माणूस भांडेल, आठशे लावले तर चरफडत भरेल, हे काउंटरच्या अलीकडे सगळ्यांना पाठ असतं.

पैसे भरल्याशिवाय गाडी सोडत नसतील तर भरा, गाडी घ्या, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर 'आक्षेप नोंदवून रक्कम भरली' असं स्वतःच्या हाताने लिहून सही करा. काढलेला पार्ट बघायला मागा. वॉरंटीचा असेल तर तो तुम्हाला घरी नेता येणार नाही, कारण तो टॅग लागून कंपनीसाठी ठेवायचा असतो. तो 'भंगारात गेला' असं उत्तर आलं तर मात्र कान टवकारा. एक तर टॅग लावायचा राहिलाय, नाहीतर पार्ट बदललेलाच नाही.

पैसे परत करायची वेळ आली की डीलर सहसा म्हणतो, 'पुढच्या सर्व्हिसमध्ये ॲडजस्ट करून देतो.' ते घेऊ नका. पुढच्या सर्व्हिसला तो ॲडव्हायझर दुसऱ्या शोरूममध्ये गेलेला असतो आणि ॲडजस्ट करायचा आकडा कुणाला आठवत नाही. मूळ बिलाविरुद्ध क्रेडिट नोट मागा आणि रक्कम खात्यात घ्या. मूळ बिलावर जीएसटी लावलेला असेल तर तोही त्यात धरायला सांगा. मागितल्याशिवाय तो कुणी परत करत नाही.